दहा डोसांची बाटली आणि बाजाराचा दिवस

प्रश्न: मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकताच वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो आहे. कोविडच्या वेळी मी शिकत होतो. २०२१ मध्ये लस मुबलक मिळायला लागल्यावरही मराठवाडा मागे का राहिला? लोक घाबरत होते म्हणून का? आणि पुन्हा तशी वेळ आली तर आमच्यासारख्यांनी काय वेगळं करावं?

उत्तर: डॉक्टर, लोक घाबरत होते हे खरं, पण एवढ्यानं उत्तर पुरं होत नाही. त्या वर्षी मी तालुका आरोग्य अधिकारी होतो आणि त्याआधीची बरीच नोकरी बीड-परभणीकडच्या पीएचसींवर झाली. माझ्या पाहण्यात ठाम नकार देणारी माणसं गावागणिक थोडी होती. बाकीची ‘सायेब, आज नको’ म्हणणारी होती. आणि जी तयार होऊन केंद्रावर यायची, त्यातल्या कितीतरी जणांना यंत्रणाच ‘उद्या या’ म्हणायची. हे दुसरं कुणी फारसं बोलत नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो.

कोविशील्डची व्हायल पाच मिलीची, डोस अर्ध्या मिलीचा, म्हणजे एका बाटलीत दहा माणसं. बाटली उघडली की लेबलवर वेळ लिहायची आणि चार तासांत संपवायची. उरलं ते फेकायचं. आता संध्याकाळी साडेचारला शेतावरून चार बायका आल्या. सिस्टरच्या मनात पहिला हिशोब येतो तो सहा डोस वाया जाण्याचा. कोविनवर, म्हणजे लस नोंदीच्या सरकारी पोर्टलवर, तो आकडा दिसणार, दुसऱ्या दिवशीच्या व्हीसीत (व्हिडिओवरच्या आढावा बैठकीत) केंद्राचं नाव वाचलं जाणार. मग ती गोड बोलून सांगते, “मावशी, उद्या सकाळी या, दहा जणी मिळून या.” मावशी उद्या येत नाही. उद्या तिची खुरपणी दुसऱ्याच्या रानात असते, परवा भावकीत दहावं असतं, आणि नंतर कुणीतरी तिला सांगतं की लस घेऊन अमक्याचा हात सुजला. कागदावर ती ‘लस नाकारणारी’ होते.

गंमत अशी की हीच सिस्टर गोवर-रुबेलाच्या लसीला असं करत नाही. तिथेही उघडलेली बाटली चार तासांतच टाकावी लागते, पण एका बाळासाठीसुद्धा बाटली उघडायची हे तिच्या अंगात मुरलेलं आहे. नियमित लसीकरणाचा तो शिरस्ताच आहे. मग कोविडला हात का आखडला? कारण मोहीम टंचाईत सुरू झाली आणि टंचाईतली शिस्त साठा आल्यावरही तशीच चालू राहिली.

तो काळ आठवून बघा, निदान वाचलेला असेल. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात. २ फेब्रुवारीपासून पोलीस, महसूल वगैरे फ्रंटलाइनवाले. १ मार्चला साठीच्या वरचे आणि पंचेचाळीसच्या वरचे व्याधीग्रस्त, १ एप्रिलला पंचेचाळीसच्या वरचे सगळे. पुण्याहून माल यायचा तो औरंगाबाद आणि लातूर या दोन मंडळांत वाटून. औरंगाबादकडे जालना, परभणी, हिंगोली. लातूरकडे बीड, नांदेड, उस्मानाबाद. (जिल्ह्यांची नावं तेव्हाचीच लिहितोय.) एप्रिलमध्ये दुसरी लाट भरात होती आणि केंद्रावर पहाटेपासून रांग. तेव्हा एक डोस वाया जाणं म्हणजे रांगेतल्या एका माणसाला परत पाठवणं होतं. बाटलीत थोडं जास्तीचं भरलेलं असतं, त्यातून हुशार सिस्टर अकरावा डोस काढायच्या, आणि ते कौतुकाचंच होतं.

ऑगस्ट-सप्टेंबरपासून पारडं फिरलं. आयएलआरमध्ये, म्हणजे केंद्राच्या लसीच्या फ्रिजमध्ये, बाटल्या पडून, केंद्रावर माणूस नाही. आता वाया गेलेल्या डोसाची किंमत जवळपास शून्य आणि परत गेलेल्या माणसाची किंमत फार मोठी. पण वरून विचारणा तीच, ‘वेस्टेज किती?’ माझा ठोकताळा सांगतो. ज्या दिवशी तुमच्या आयएलआरमध्ये पुढचा आठवडा पुरून उरेल इतका साठा आहे, त्या दिवसापासून दोन माणसांसाठीही बाटली उघडायची. मात्र हे तोंडी सांगून चालत नाही. सिस्टरला लेखी द्या, तुमच्या सहीचं. जबाबदारी तिच्या डोक्यावरून उतरल्याशिवाय तिचा हात मोकळा होत नाही. सोबत आशाताईंकडे एक छोटी यादी ठेवा: केंद्रापासून पाच मिनिटांवर राहणारे, फोन केला की येतील असे. दुकानदार, पिठाची गिरणीवाला, शाळेचा शिपाई. शेवटची बाटली उघडली की त्यांना बोलवायचं. सहा वाया जाणारे डोस दोनवर येतात.

मे २०२१ मधलं एक दुखणं त्याच जातीचं. अठरा ते चव्वेचाळीस वयोगट १ मेपासून सुरू झाला, पण सुरुवातीला फक्त ऑनलाइन स्लॉट घेऊन. स्लॉट उघडायचा आणि काही मिनिटांत संपायचा, आणि तो मिळायचा शहरातल्या, चांगलं नेटवर्क असलेल्या पोरांना. ती गाड्या करून खेड्यातल्या केंद्रांवर यायची, लस घेऊन जायची. गावातली पोरं गेटाशी उभी राहून बघायची. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा आली, पण मधल्या दिवसांत ‘हे आपल्यासाठी नाही’ असं गावाच्या मनात बसलं ते बसलंच. पुढे कुठलंही पोर्टल आलं तर पहिल्या दिवसापासून निम्मे डोस तरी जागेवरच्या नोंदणीसाठी राखून मागा. मिळतील न मिळतील, पण मागणी कागदावर राहू द्या.

आता ‘आज नको’कडे येतो.

शेतमजुराला लसीचा खर्च सुईचा नसतो, तापाचा असतो. कोविशील्डनंतर एक-दोन दिवस अंग मोडून ताप यायचा, विशेषतः पहिल्या डोसला. एका बाईनं मला सरळ विचारलं होतं, “ताप आला तर माझा रोज कोन देतंय?” यावर आमच्या आयईसीच्या (जनजागृतीच्या) पोस्टरात उत्तर नव्हतं. उत्तर गावाच्या वेळापत्रकात सापडतं. आपल्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी बंद असते, त्या दिवशी रोजगाराचे पैसे मिळतात आणि माणसं बाजाराला जातात. म्हणून सेशन बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी लावा, सहा ते नऊ. ताप आला तर तो सुट्टीच्या दिवशी येतो. पॅरासिटामॉलच्या गोळ्या हातात द्या आणि ‘ताप येईल’ असं आधीच सांगा. ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याचं दुसऱ्या दिवशी गावात कुणी ऐकत नाही.

हा बाजाराचा दिवस गावांच्या प्रत्येक गटाचा वेगळा असतो, आणि तालुक्याच्या ठिकाणी बसून केलेल्या मायक्रोप्लॅनमध्ये (गावनिहाय लसीकरणाच्या आराखड्यात) तो नसतो. तिथे असतं सकाळी दहा ते पाच. खेड्यात सकाळी दहाला घरी कोण सापडतं? म्हातारी माणसं आणि कुत्री.

वर्षाचंही तसंच. राज्यानं ‘मिशन कवच कुंडल’ घेतलं ते ८ ते १४ ऑक्टोबर २०२१. हेतू चांगला, साठाही होता. पण मराठवाड्यात तो आठवडा कोणता होता? ७ तारखेला घटस्थापना, १५ ला दसरा. बायका नऊ दिवसांच्या उपवासात, माणसं तुळजापूर-माहूर-अंबाजोगाईच्या वाटेवर. त्यात सप्टेंबरच्या शेवटी गुलाब चक्रीवादळाच्या पावसानं सोयाबीन पाण्यात गेलेलं, उरलंसुरलं काढायची घाई. उपाशीपोटी सुई घेऊ नये अशी समजूत घट्ट, आणि ती घालवायला नऊ दिवस पुरत नाहीत. त्या आठवड्यात ज्या गावांनी उद्दिष्ट गाठलं, तिथे सेशन शाळेत नव्हतं. ते मळणीयंत्राजवळ होतं किंवा देवीच्या मंडपाशेजारी आरतीनंतर होतं. पोळा, नवरात्र, रमजान, कापसाची वेचणी, पेरणी हे सगळं कॅलेंडरवर आधी मांडा, मग मोहिमेच्या तारखा टाका. तारखा वरून आल्या तरी गावांचा क्रम आणि वेळ तुमच्या हातात असते.

ऊसतोड कामगारांचं मात्र वेगळं लिहिलं पाहिजे, कारण दुसरा डोस सगळ्यात जास्त तिथे सुटला. बीड, जालना, परभणी, उस्मानाबाद, शिवाय तुमच्या हिंगोलीतूनही टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला उचल घेऊन निघतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटक. परततात उन्हाळ्यात. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मार्चमध्ये सहा ते आठ झालं आणि १३ मे २०२१ पासून बारा ते सोळा. म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. सप्टेंबरात पहिला डोस घेतलेला कोयता, म्हणजे ऊसतोड कामगार, डिसेंबरात दुसऱ्या डोसाला देय होतो, तेव्हा तो जयसिंगपूरच्या फडात. आमच्या ड्यू लिस्टवर (डोस देय असलेल्यांच्या यादीवर) तो ‘थकीत’, आणि तिथल्या आशाच्या यादीत तो मुळात नाहीच.

कोव्हॅक्सिनचं अंतर अठ्ठावीस दिवसांचं होतं. साठा कमी यायचा, पण जो यायचा तो आम्ही शहरातल्या मागणीप्रमाणे वाटत होतो. स्थलांतर करणाऱ्या गावांसाठी तो राखला तर ऑगस्टअखेर पहिला आणि दसऱ्याआधी दुसरा, दोन्ही डोस घरीच होतात. दोन लसी उपलब्ध असतील तर कोणाला कोणती द्यायची हा प्रश्न परिणामकारकतेच्या टक्क्यांपेक्षा माणूस पुढच्या महिन्यात कुठे असेल यावर सोडवावा, असं माझं ठाम मत आहे. मुकादमाला, टोळी नेणाऱ्या माणसाला, धरा. टोळीत कोण कोण आहे, कोणत्या कारखान्याला जाणार, हे त्याच्या वहीत उचलीच्या आकड्यासह लिहिलेलं असतं. आपल्या सर्वेक्षणापेक्षा ती वही पक्की, कारण तिच्यात त्याचे पैसे अडकलेले असतात.

आणि मोबाइल नंबर! कोविनवर सुरुवातीला एका नंबरवर चारच माणसं नोंदता यायची. ज्याच्याकडे फोन नाही त्याची नोंद आशाच्या, तिच्या नवऱ्याच्या, डेटा एंट्रीवाल्या पोराच्या नंबरवर झाली. तो माणूस परजिल्ह्यात दुसऱ्या डोसाला उभा राहिला की ओटीपी जातो इकडे कळमनुरीला. मग तिथला ऑपरेटर त्याची नव्यानं ‘पहिला डोस’ म्हणून नोंद करतो. प्रमाणपत्र दोन, दोन्ही अर्धवट. उपाय साधा होता: एक जाड कागदी कार्ड, त्यावर लसीचं नाव, तारीख, बॅच, कोणतं ओळखपत्र दाखवलं ते आणि नोंदवलेला नंबर. बाळंतपणाचं कार्ड बायका प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं जपतात. हेही जपलं असतं.

ओळखपत्र नसलेल्यांसाठी मे २०२१ मध्येच केंद्रानं वेगळी पद्धत दिली होती. भटके, भीक मागणारे, तुरुंगातले, अशांची नोंद जबाबदार व्यक्तीमार्फत करायची. बऱ्याच ठिकाणी ती फाइलमध्येच राहिली. पारधी, वैदू, मसणजोगी यांच्या वस्त्यांवर जायचं तर ते पत्र खिशात ठेवून जा, नाहीतर ऑपरेटर आधार मागत बसतो.

आता भीती. ती होतीच. ‘लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो’ हा मेसेज मे महिन्यात प्रत्येक फोनवर होता. मूल होत नाही, पाळी बिघडते, दारू पिणाऱ्याला चालत नाही. शेवटच्या अफवेनं किती पुरुष अडकले हे कुणाच्या अहवालात येणार नाही. अफवेला भाषणानं उत्तर देऊ नका, एका माणसानं द्या. तांड्यावर नायकानं आणि त्याच्या आईनं लस घेतली की काम निम्मं झालं. आशा गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी असेल तर उरलेलंही होतं. किनवट-माहूरच्या कोलाम पाड्यांवरही माणूस ओळखीचाच लागतो. २०२१ ला रमजान एप्रिल-मेमध्ये होता. सुईनं रोजा तुटत नाही असं अनेक उलेमांनी सांगितलं होतं, पण ते आमच्या तोंडून ऐकण्यात काय अर्थ? जुम्म्याला मौलानांनी सांगितलं आणि सेशन इफ्तारनंतर मोहल्ल्यातल्या शाळेत ठेवलं की खुर्च्या कमी पडायच्या.

खरी कसोटी लागते ती लसीनंतर कुणी दगावलं की. हजारो लोकांना लस दिली तर त्यातलं कुणीतरी त्या आठवड्यात हृदयविकारानं जाणारच, लस नसती तरी गेलंच असतं. हे गणित दुःखातल्या घराला सांगायचं नसतं. तुम्ही स्वतः जा, त्याच दिवशी, पांढरा कोट न घालता. बसा. काय झालं ते ऐका. ‘लसीमुळे नाही’ हे वाक्य उच्चारू नका, कारण तुम्हालाही ते अजून माहीत नसतं. कार्यकारणाचा निर्णय एईएफआय (लसीनंतरच्या अनिष्ट घटनांच्या) समितीचा. तुमचं काम कळल्यापासून चोवीस तासांत गंभीर घटनेचा फॉर्म पाठवणं, कागदपत्रं गोळा करणं आणि शवविच्छेदनाबद्दल घरच्यांशी नीट बोलणं. ज्या गावात डॉक्टर लपला, तिथे पुढचे दोन महिने सेशनला खुर्च्या रिकाम्या. जिथे तो घरी जाऊन बसला, तिथे पंधरवड्यात लोक परत आले. याला अपवाद मला फारसे दिसले नाहीत.

लसीनंतरचा अर्धा तास बसवून ठेवण्याचा नियम शेवटी शेवटी सगळीकडे ढिला झाला. तो ढिला होऊ देऊ नका. अॅनाफायलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र अॅलर्जी, क्वचित होतो, पण झाला तर बहुधा त्याच वेळात, आणि मोठ्या माणसाला मांडीत अर्धा मिली अॅड्रेनॅलिन देणारा हात तिथे हवा. किट कपाटात कुलूपबंद असेल तर ते नसल्यासारखंच.

सक्तीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी विचारेलच. ३ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी पहिल्या डोसात पन्नास टक्क्यांच्या खाली असलेल्या जिल्ह्यांची बैठक घेतली. त्यात औरंगाबाद, नांदेड आणि तुमचं हिंगोली होतं. घरोघरी लस देण्याची ‘हर घर दस्तक’ मोहीम त्याच सुमाराची. औरंगाबादला जिल्हा प्रशासनानं त्याच महिन्यात आदेश काढला: निदान एक डोस नसेल तर पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही, वेरूळ-अजिंठ्यालाही प्रवेश नाही. रांगा लागल्या हे खरं. पेट्रोलची अट मला समजते, ज्याच्याकडे गाडी आहे तो केंद्रापर्यंत येऊ शकतो. रेशनची अट मला तेव्हाही पटली नाही आणि आताही पटत नाही. जो लस घ्यायला येऊ शकत नाही, अशा माणसाच्याच ताटाला ती हात घालते. आणि एकदा रेशनशी जोडलेली सुई पुढच्या प्रत्येक लसीवर संशय ठेवून जाते. ‘हर घर दस्तक’ मात्र चाललं, कारण त्यात नवं काही नव्हतं. पल्स पोलिओला आपण दारावर खडूनं ‘पी’ (झालेलं घर) आणि ‘एक्स’ (राहिलेलं घर) लिहितो आणि ‘एक्स’च्या घरी पुन्हा जातो. तेच मोठ्यांसाठी झालं. जिथे पोलिओच्या टीमच जशाच्या तशा पाठवल्या, तिथे काम वेगानं झालं; त्या बायकांना कोणत्या घरातली सून माहेरी गेली आहे इथपर्यंत माहीत असतं.

शीतसाखळीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे सगळे उन्हाला घाबरतात, भारनियमनाला घाबरतात. आयएलआर चांगला असेल तर दिवसाला आठ तास वीज मिळाली तरी दोन ते आठ अंश टिकवतो. मला उलटी भीती असते: डीप फ्रीझरमधून काढलेला आईसपॅक तसाच कॅरिअरमध्ये घालून वर बाटल्या ठेवणं. लस गोठते, सेशनच्या जागी पोचेपर्यंत पुन्हा वितळते, आणि बघून काही कळत नाही. कोविडच्या बाटल्यांवर सुरुवातीला व्हीव्हीएम (रंग बदलणारा ठिपका) नव्हता, आणि असता तरी तो उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. आईसपॅक बाहेर काढून ठेवायचा, कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज आला की मग भरायचा. सकाळी सातला सेशनची घाई असताना हा आवाज ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून तुम्ही थांबा.

हे सगळं साथ आल्यावर उभं राहत नाही. तुमच्या नियमित लसीकरणाच्या मायक्रोप्लॅनमध्ये आजच तीन रकाने वाढवा: गावाचा बाजाराचा दिवस, मुकादमांचे नंबर, वस्तीत बोलली जाणारी भाषा. दसऱ्यानंतर टोळ्या गेल्या की यादी एकदा आणि उन्हाळ्यात परतल्या की पुन्हा एकदा दुरुस्त करा. आणि आयएलआरच्या तापमानाची वही न कळवता जाऊन बघा. एकाच पेनानं, एकाच अक्षरात महिनाभराचे सगळे ‘चार अंश’ लिहिलेले दिसले, तर थर्मामीटर मागवून घ्या आणि त्याच दिवशी केंद्राच्या औषध निर्मात्यासोबत (फार्मासिस्टसोबत) चहा घ्या.